निकाल आपला, अपील सरकारचे

सरकारी कामावरून काढलेला रोजंदारी मजूर खटला हरला तर त्याची गोष्ट तिथेच संपते. तो जिंकला की खरी परीक्षा सुरू होते. कामगार न्यायालय म्हणते, याला कामावर परत घ्या. वस्तीत पेढे वाटले जातात. काही महिन्यांनी कळते की साहेब लोक 'वर' गेले आहेत. वर म्हणजे औद्योगिक न्यायालय, त्याच्यावर उच्च न्यायालय आणि त्याच्याही वर दिल्ली. प्रत्येक मजल्यावर सरकारचा वकील सरकारी पैशाने उभा असतो. आपला माणूस मात्र भोर-वेल्ह्याहून पुण्याला आणि पुढे मुंबईला, एकेका तारखेसाठी एकेका दिवसाची मजुरी बुडवून खेटे घालतो.

आपल्या चळवळीत नोकरी कशी मिळवायची यावर भरपूर बोलले जाते. आरक्षण, अनुशेष, पदोन्नती यांवर परिषदा होतात, आणि त्या व्हायलाच हव्यात. पण मिळालेले काम हिरावले गेले तर दाद कुठे मागायची, आणि दाद मिळाल्यावर ती टिकवायची कशी, हा प्रश्न वकिलांवर सोडून आपण मोकळे होतो. हा प्रश्न निव्वळ कायद्याचा नाही, त्याला इतिहास आहे. त्या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट दिसते: अपील हा हक्क कागदावर दोघांनाही सारखा आहे, पण वाट पाहण्याची ताकद दोघांची सारखी नाही. सरकारला वेळ परवडतो, मजुराला परवडत नाही. लढाई या वेळेचीच आहे.

धनीच न्यायाधीश

आजच्या भोर आणि वेल्हे (आता राजगड) या तालुक्यांतला बराच भाग एकेकाळी पंतसचिवांच्या भोर संस्थानात होता. ८ मार्च १९४८ रोजी ते मुंबई प्रांतात विलीन झाले. संस्थानी मुलूख असो की शेजारचा इंग्रजी मुलूख, गावगाड्यात सरकारचे सगळ्यात खालचे काम कोणाकडे होते? महाराकडे. टपाल पोचवणे, सारा भरायला लोकांना बोलावणे, आलेल्या अंमलदाराची सरबराई, चोराच्या मागावर जाणे. काम सरकारचे, पण मोबदला वतनाच्या तुकड्यातून आणि गावच्या बलुत्यातून. कामाला वेळ नाही, सुट्टी नाही. तो घरी नसेल तर घरातल्या दुसऱ्या कोणी तरी जायचे.

इंग्रजी मुलखात हे सगळे १८७४ च्या वतन कायद्याने बांधलेले होते. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८७६ मध्ये, मुंबई महसूल अधिकारिता कायदा आला. वतनी हुद्द्याशी जोडलेल्या मिळकतीबद्दल सरकारविरुद्ध दावा असेल, तर तो दिवाणी न्यायालयाने ऐकायचाच नाही, अशी त्यात तरतूद होती. मग तक्रार न्यायची कुठे? मामलेदाराच्या वर कलेक्टर, कलेक्टरच्या वर कमिशनर. ज्याचे काम करायचे त्याच्याकडेच अपील. गाऱ्हाणे ऐकणारा आणि गाऱ्हाण्याचे कारण, दोघेही एकाच कचेरीत बसलेले.

तरीही आपल्या पूर्वजांनी दाद मागणे सोडले नाही. १८९० च्या दशकात महारांची लष्करभरती बंद झाली. पिढ्यान् पिढ्या पलटणीत असलेल्या समाजाची ती एका फटक्यात केलेली बडतर्फीच होती. गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज तयार केला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भोरच्या शेजारी, पुरंदर तालुक्यातल्या सासवडला, शिवराम जानबा कांबळे यांनी ५१ गावांतल्या महारांची सभा घेतली आणि सरकारकडे अर्ज पाठवला. मुंबईत दाद लागली नाही, तेव्हा १९१० मध्ये त्यांनी थेट लंडनच्या भारतमंत्र्याकडे अर्ज केला. पोलिसात, पलटणीत आणि सरकारी नोकरीच्या खालच्या जागांवर आम्हाला घ्या, ही मागणी होती. खालच्या कचेरीने नाकारले म्हणून वरच्या कचेरीत जाणे, तेही एकट्याने न जाता ५१ गावांच्या सभेतून जाणे, ही आपली अपिलाची परंपरा आहे.

१९ मार्च १९२८ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. काम निश्चित करा, मोबदला निश्चित करा आणि ज्याला वतनातून मोकळे व्हायचे आहे त्याला मोकळे होऊ द्या, हे त्याचे सार होते. त्या विधेयकाचे जे झाले ते आपल्याला माहीत आहे: १९२९ मध्ये बाबासाहेबांना ते मागे घ्यावे लागले. कनिष्ठ गावकामगारांची वतने कायद्याने रद्द झाली ती १ ऑगस्ट १९५९ रोजी, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर. पुढे गावातली तीच कामे कोतवालाकडे आली, आणि तो मानधनावर आला. वतन गेले, पण पूर्ण नोकरी आली नाही.

अधिकाऱ्याचे दार आणि मजुराचे दार

इंग्रजांच्या राज्यात सरकारी नोकर राजाची मर्जी असेपर्यंतच नोकर असे. तरीही वरच्या थरातल्या माणसाला दार उघडत होते. आय. एम. लाल नावाच्या आयसीएस अधिकाऱ्याला १९४० मध्ये काढून टाकले. त्याचा खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. कारणे दाखवण्याची वाजवी संधी न देता केलेली बडतर्फी बेकायदा आहे, असा निकाल १९४८ मध्ये आला. पुढे हेच तत्त्व भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३११ मध्ये पक्के झाले. नेमणूक करणाऱ्यापेक्षा खालच्या अधिकाऱ्याने काढायचे नाही, आणि आरोप सांगून, चौकशी करून, बाजू ऐकूनच काढायचे. १९५७ च्या धिंग्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की शिक्षा म्हणून काढले असेल तर तात्पुरत्या सरकारी नोकरालाही हे संरक्षण आहे.

हे छत्र मोलाचे आहे. पण ते नागरी पदावर असलेल्या माणसासाठी आहे. खोरे-पाटी घेऊन सरकारी रस्त्यावर राबणारा, धरणाच्या कालव्यावरचा, वनखात्याच्या रोपवाटिकेतला, बस धुणारा रोजंदारी माणूस त्याच्या बाहेरच राहिला. बाबासाहेबांना हे दोन थर चांगले ठाऊक होते. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत ते बोलले, ते याच लोकांसमोर. वर्षानुवर्षे गँगमन म्हणूनच राहणारा आणि स्टेशनमास्तरच्या घरातली कामे करावी लागतात म्हणून साधा पोर्टरही होऊ न शकणारा कामगार त्यांच्यापुढे बसला होता. त्याच वर्षी मुंबई सरकारने औद्योगिक कलहाचे विधेयक आणले. सरकारी तडजोडीची यंत्रणा सक्तीची करायची आणि संप गुन्हा ठरवायचा, असा तो डाव होता. बाबासाहेबांनी विधिमंडळात त्यावर कडाडून हल्ला केला. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र येऊन संप झाला. पुढे बाबासाहेब मजूरमंत्री असतानाच्या काळात, १९४६ मध्ये, स्थायी आदेशांचा कायदा झाला. मोठ्या आस्थापनेत माणसाला काढण्याचे नियम आधी लिहून ठेवावे लागतील, हे त्यातून पक्के झाले. १९३८ चा विरोध आणि १९४६ चा कायदा एकत्र वाचले पाहिजेत. कामगाराला निवाड्यात बांधायचे आणि मालकाला मोकळे सोडायचे, हे बाबासाहेबांना मान्य नव्हते.

अपील रद्द झाले, तरी अपील उरले

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने कामगाराला न्यायाधिकरण दिले. १९५० मध्ये त्यावर 'कामगार अपील न्यायाधिकरण' नावाचा आणखी एक मजला चढवला. खाली जिंकलेला कामगार वर अडकू लागला, कामगार संघटना वैतागल्या आणि १९५६ मध्ये हा मजला कायद्यानेच पाडला. निवाडा अंतिम, त्यावर अपील नाही, अशी व्यवस्था आली. हेतू चांगला होता.

पण अपील मागच्या दाराने परतले. अनुच्छेद २२६ आणि २२७ खाली उच्च न्यायालयात रिट आणि अनुच्छेद १३६ खाली सर्वोच्च न्यायालयात विशेष परवानगी, हे मार्ग खुलेच होते. लवादाचेही तेच झाले. दोन्ही पक्षांनी राजीखुशीने नेमलेल्या लवादाचा निवाडाही रिटमध्ये तपासता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ च्या रोहतास इंडस्ट्रीज खटल्यात सांगितले. गुजरात स्टील ट्यूब्जच्या १९७९ च्या निकालात हीच वाट कामगारांच्या उपयोगी पडली. लवादाने कायम केलेली बडतर्फी उच्च न्यायालयाने रद्द केली आणि कामगारांना कामावर घेण्याचा तो हुकूम दिल्लीत टिकला. म्हणजे वरचे दार आपल्यासाठीही उघडते. फक्त तिथे पोचेपर्यंत टिकावे लागते.

आणि केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी १९६६ मध्ये जी सक्तीच्या लवादाची योजना आणली, ती काय म्हणते? वेतन-भत्ते, कामाचे तास, रजा हे एखाद्या वर्गाचे प्रश्न लवादाकडे जातील. एकट्यादुकट्याचे प्रकरण जाणार नाही. माणूस बडतर्फ होतो तो एकटाच!

महाराष्ट्रात १९७१ चा अनुचित कामगार प्रथा प्रतिबंधक कायदा आला. बेकायदा काढून टाकल्याची तक्रार कामगार न्यायालयात, वर्षानुवर्षे तात्पुरते ठेवल्याची तक्रार औद्योगिक न्यायालयात. कामगार न्यायालयाच्या हुकमावर औद्योगिक न्यायालयात पुनरीक्षण, मग उच्च न्यायालय, मग सर्वोच्च. मोजून चार मजले.

मस्टरवरचा माणूस

आता भोर-वेल्ह्याकडे पाहा. येळवंडीवर १९२८ चे भाटघर, नीरेवर नीरा-देवघर, वेल्ह्यात पानशेत, वरसगाव, गुंजवणी. या दोन तालुक्यांनी पुण्याला आणि पूर्वेच्या बागायतीला पाणी दिले. धरण, कालवे आणि रस्ते म्हणजे पाटबंधारे आणि बांधकाम खाते, आणि या खात्यांचा पाया म्हणजे रोजंदारी मजूर. त्यांच्यासाठी १९६७ चा कालेलकर करार मोठा आधार ठरला. पाच वर्षे सलग काम केलेल्या रोजंदारी कामगाराला रूपांतरित अस्थायी आस्थापनेवर घ्यायचे, असे त्यात ठरले. पण पाच वर्षे 'सलग' आहेत हे दाखवणार कशावरून? मस्टरवरून. आणि मस्टर कोणाच्या कपाटात? खात्याच्या. मधे काही दिवसांचा खंड दाखवला, नाव बदलून लिहिले, की पाच वर्षे आणि २४० दिवस कागदावरून गायब.

या मस्टरच्या राजकारणाला सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९५ मध्ये उत्तर दिले. 'मुख्य वनसंरक्षक विरुद्ध जगन्नाथ मारुती कोंढरे' हा खटला पुण्यातला आहे. पाचगाव पर्वतीच्या टेकडीवर वनखात्याच्या योजनेत वर्षानुवर्षे रोजंदारीवर राबणाऱ्या मजुरांनी पुण्याच्या औद्योगिक न्यायालयात दाद मागितली. निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि सरकार अपील करत दिल्लीला गेले. सरकारचा मुख्य युक्तिवाद काय होता? वनखाते हा उद्योग नाही, हे राज्याचे सार्वभौम काम आहे, म्हणून कामगार कायदा इथे लागूच नाही. टेकडीवर खड्डे खणून रोपे लावणे सार्वभौम कसे, हे न्यायालयाला पटले नाही. दुसरा मुद्दा त्याहून महत्त्वाचा. कायम होण्याचे लाभ नाकारण्याच्या 'हेतूने' तात्पुरते ठेवले, हे कामगाराने सिद्ध करावे असे कायदा म्हणतो. मालकाच्या मनातला हेतू गरीब मजूर कसा सिद्ध करणार? न्यायालय म्हणाले, पाच-सहा वर्षे माणसाला तसेच ठेवले असेल, तर त्यावरूनच हेतूचे अनुमान काढता येते.

त्यानंतर लगेच, ३१ जानेवारी १९९६ रोजी, पाच वर्षे दरवर्षी २४० दिवस भरलेल्या वनमजुरांना कायम करण्याचा शासन निर्णय निघाला. खटला लढणारे मोजके होते, लाभ राज्यभर झाला.

कास्ट्राईबची लढाई

एप्रिल २००६ मध्ये उमादेवी खटल्याचा निकाल आला. नियमित भरतीच्या वाटेने न आलेल्यांना न्यायालयांनी कायम करू नये, असे घटनापीठाने म्हटले. त्या दिवसापासून प्रत्येक खात्याच्या अपिलात पहिले वाक्य उमादेवीचे असते.

इथे आपल्याच छावणीत एक प्रामाणिक आक्षेप आहे, आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. मागच्या दाराने आलेल्यांना कायम केले तर आरक्षणाच्या जागा जातात, म्हणून उमादेवी आपल्या हिताचा, असे काही मित्र म्हणतात. वशिल्याने कारकून, अभियंते चिकटवले जातात तिथे हे म्हणणे खरे आहे. पण झाडूवर, गटारावर, गँगवर, बस धुण्याच्या कामावर वर्षानुवर्षे 'तात्पुरता' कोण आहे? ती जागा रिकामी ठेवून, जाहिरात न काढून, आरक्षण आधी कोणी बुडवले? मजुराने की खात्याने? खात्याच्या गुन्ह्याची शिक्षा मजुराला देणे आणि त्यावर आरक्षणाचा शिक्का मारणे, हे आपल्याला मान्य होता कामा नये.

आणि हे उत्तर न्यायालयातून मिळवले ते आपल्याच संघटनेने. एस.टी. महामंडळात बसगाड्या धुणारे स्वच्छक वर्षानुवर्षे तुटपुंज्या दराने राबत होते. त्यांच्यासाठी कास्ट्राईब राज्य परिवहन कर्मचारी संघटना औद्योगिक न्यायालयात गेली. महामंडळाने एकेक मजला चढत सर्वोच्च न्यायालय गाठले आणि उमादेवी पुढे केला. २००९ मध्ये निकाल लागला: उमादेवीने औद्योगिक आणि कामगार न्यायालयांचे १९७१ च्या कायद्याखालचे अधिकार काढून घेतलेले नाहीत. मालकाने अनुचित प्रथा केल्याचे सिद्ध झाले, तर कायम करण्याचा हुकूम देता येतो. आज महाराष्ट्रातला कोणत्याही जातीचा रोजंदारी कामगार या निकालाचा आधार घेतो. तो मिळवला जातीच्या उतरंडीत सगळ्यात खाली ढकललेल्या कामाच्या लोकांनी. हा इतिहास आपल्या अभ्यासवर्गांत शिकवला जातो का?

ही वाट अजून बुजलेली नाही. डिसेंबर २०२४ मध्ये जग्गो खटल्यात केंद्रीय जल आयोगाच्या सफाई कामगार आणि माळ्याला सर्वोच्च न्यायालयाने कायम करायला लावले आणि उमादेवीचा गैरवापर होतो आहे असे बजावले. जानेवारी २०२५ मध्ये गाझियाबाद महापालिकेने काढलेल्या माळ्यांना ५० टक्के थकीत वेतनासह परत घेण्याचा हुकूम झाला. त्याच वेळी दुसरी बाजूही विसरू नका. २०१३ च्या भुरूमल खटल्यापासून, रोजंदारीवाल्याला केवळ नोटीस-भरपाई न देता काढले असेल तर नोकरीऐवजी एकरकमी पैसे देण्याकडे कल आहे. म्हणून तक्रारीत फक्त 'नोटीस दिली नाही' लिहून भागत नाही. किती वर्षे, कोणते काम, ते काम आजही चालू आहे का, आता ते कोण करतो, हे सगळे पहिल्याच दिवशी लिहावे लागते.

वेळेचा हिशेब

सरकार अपिलात जाते तेव्हा कामगाराने खायचे काय? या प्रश्नावर १९८४ मध्ये १७-ब हे कलम आले. कामावर घेण्याच्या निवाड्याविरुद्ध मालक उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयात गेला, तर खटला चालेपर्यंत शेवटचा पगार कामगाराला द्यायचा. अट एक: आपण दुसरीकडे नोकरीला नाही, असे प्रतिज्ञापत्र कामगाराने दाखल करायचे. हे प्रतिज्ञापत्र राहून गेले की हातातला हक्क वर्षानुवर्षे कागदावरच राहतो. २०१३ च्या दीपाली सुरवसे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट सांगितली. काढणे बेकायदा ठरले तर थकीत पूर्ण पगार हाच सामान्य नियम, आणि तो मधल्या काळात दुसरीकडे कमावत होता हे दाखवण्याची जबाबदारी मालकाची.

आता नवी अडचण. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. १७-ब सारखी तरतूद तिच्यात टिकली आहे. पण काढल्यानंतर थेट न्यायाधिकरणात जायची मुदत तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली. आणि उद्योगाच्या व्याख्येतून सरकारची 'सार्वभौम' कामे बाहेर काढली आहेत. कोंढरे खटल्यात हरलेला युक्तिवाद आता कायद्याच्या भाषेत परत आला आहे. कोणते काम सार्वभौम, यावर पुढची कित्येक वर्षे खात्यांचे वकील बोलतील. आपल्याकडे त्याचे उत्तर तयार पाहिजे.

म्हणून तालुक्यात काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याला तीन दारे तोंडपाठ असली पाहिजेत. राज्य सरकारच्या नागरी पदावरचा कर्मचारी असेल तर आधी खातेअंतर्गत अपील, मग १९९१ पासून चालू असलेले महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण. अंतिम आदेशापासून एक वर्षाची मुदत. १९९७ च्या चंद्रकुमार निकालानंतर त्यावर उच्च न्यायालयात जाता येते. जिल्हा परिषदेचा कर्मचारी असेल तर हे न्यायाधिकरण त्याचे नाही. खात्यातले अपील संपले की त्याला उच्च न्यायालयच. रोजंदारी कामगार असेल तर १९७१ च्या कायद्याखाली ९० दिवसांत तक्रार. चुकीच्या दारात दोन वर्षे घालवलेला माणूस बरोबर दारात येतो तेव्हा मुदत संपलेली असते, आणि खात्याला एवढेच हवे असते.

दुसरे काम कागदांचे. काम चालू असतानाच हजेरीचे, पगाराचे, ओळखपत्राचे पुरावे जमवा. माहितीच्या अधिकारात मस्टरच्या प्रती आधी मागा, काढल्यावर नव्हे. तिसरे काम निकालानंतरचे. निकाल हाती पडला की त्याच आठवड्यात वरच्या न्यायालयात कॅव्हेट दाखल करा, म्हणजे आपल्याला न ऐकता स्थगिती मिळणार नाही. चौथे काम सगळ्यात अवघड: प्रवासखर्च, वकील आणि बुडालेली मजुरी यांसाठी वस्तीचा, संघटनेचा निधी. जयंतीच्या वर्गणीतला एक हिस्सा यासाठी बाजूला निघाला, तर बाबासाहेबांना याहून मोठे अभिवादन कोणते?

सरकार वर गेले तर आपणही वर जाऊ. सासवडच्या सभेतल्या ५१ गावांकडे ना वकील होता ना संविधान, तरी त्यांचा अर्ज लंडनला पोचला. आपल्याकडे दोन्ही आहे.

जय भीम! जय संविधान!